ऑटोफोकस फिल्म एसएलआर: कोणती बॉडी, कोणत्या लेन्स, आणि घेण्याआधी काय तपासायचं?

सायली_आर
नमस्कार मंडळी. ३५ मिमी फिल्मवर फोटो काढायला सुरुवात करायची आहे. विषय दोन, घरातली लहान मुलं आणि गाण्याच्या छोट्या मैफली. दोन्हीकडे हाताने फोकस करत बसायला वेळ मिळत नाही, म्हणून ऑटोफोकसच हवा. सध्या निकॉन डी५३०० आहे आणि तीन लेन्स आहेत: १८-५५ एएफ-पी डीएक्स, ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स आणि ५० मिमी एफ/१.८ जी. या लेन्स फिल्म बॉडीवर चालतील का? निकॉनच घ्यावा की कॅनन ईओएस? आणि जुना कॅमेरा हातात आल्यावर नेमकं काय बघायचं? रोल आणि धुलाईचा खर्च कायमचा लागणार आहे, त्यामुळे बॉडीवर फार पैसे घालायचे नाहीत.

डार्करूम_दादर
आधी लेन्सचं बघू, कारण बॉडीचं उत्तर त्यातच आहे.

१८-५५ एएफ-पी विसरा. एएफ-पी लेन्समधली स्टेपिंग मोटर एकाही निकॉन फिल्म बॉडीला समजत नाही, एफ६ लासुद्धा नाही. फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक असल्याने हाताने फिरवूनही उपयोग नाही.

३५ मिमी डीएक्स बसेल, फोकसही करेल, पण ती लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे. फिल्मच्या पूर्ण २४ x ३६ मिमी चौकटीत कोपरे काळवंडतात. अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवलं तर काळोख मऊ असतो, ते बंद करत गेलं की त्याची कड स्पष्ट दिसते.

५० मिमी एफ/१.८ जी ही मात्र पूर्ण फ्रेमची लेन्स आहे. एफ८०, एफ१००, एफ५, एफ६, एफ६५ आणि एफ७५ वर ती सगळ्या मोडमध्ये चालते. फिल्मवर ती खरी ५० दिसेल. डी५३०० वर तुम्हाला जी ७५ मिमीसारखी दिसते त्यापेक्षा बरीच मोकळी. म्हणजे एक चांगली लेन्स तुमच्याकडे आधीच आहे, आणि माझा सरळ सल्ला आहे की निकॉन एफ८० घ्या.

घाटवाट
एफ५५ पण बघा, हलका आहे आणि बाजारात पडून असतो.

डार्करूम_दादर
घाटवाट, एफ५५ इथे चालणार नाही. त्यात एएफ-एस (आत मोटर असलेल्या) लेन्सचा ऑटोफोकसच नाही, फक्त बॉडीतल्या स्क्रूने फिरणाऱ्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स फोकस होतात. सायलींची ५० जी त्यावर मॅन्युअल होऊन बसेल.

निकॉनमध्ये हा घोळ फार आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. चार गोष्टी तपासायच्या: लेन्समध्ये मोटर आहे का (एएफ-एस), लेन्सला अॅपर्चरची रिंग आहे का (नसेल तर ती जी), व्हीआर (हात हलण्याची भरपाई) आहे का, आणि नावात ई आहे का.

एफ-५०१ (१९८६) आणि एफ८०१ (१९८८) फक्त स्क्रूवाल्या लेन्स फोकस करतात.

एफ४, एफ९० आणि एफ९०एक्स यांना एएफ-एस फोकस करता येतो, पण व्हीआर चालत नाही, आणि जी लेन्स लावली तर फक्त पी (प्रोग्राम) आणि एस (शटर आपण ठरवायचं) मोड मिळतात. रिंग नसल्यामुळे ए (अॅपर्चर आपण ठरवायचं) आणि एम (मॅन्युअल) मध्ये अॅपर्चर ठरवायची सोयच उरत नाही.

एफ६५, एफ७५, एफ८०, एफ१००, एफ५, एफ६ यांच्यात एएफ-एस, जी, व्हीआर सगळं चालतं.

ई प्रकारच्या नव्या लेन्स (ज्यांचं अॅपर्चर विजेवर चालतं) कुठल्याही फिल्म बॉडीवर बसतील, पण अॅपर्चर कायम पूर्ण उघडंच राहील.

पाचवा_स्टॉप
वरच्या यादीत एक मोठी गोष्ट राहिली. एफ६५ आणि एफ७५ मध्ये आयएसओ (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) हाताने ठेवता येत नाही. कॅमेरा रोलच्या डबीवरचा डीएक्स कोड (आयएसओ सांगणाऱ्या चौकोनी खुणा, डीएक्स लेन्सशी संबंध नाही) वाचतो आणि तोच धरतो. कोड नसेल तर १०० धरून चालतो. आज बरेच लोक मोठ्या रिळातून हाताने भरलेले रोल विकतात, त्यांच्या डब्यांवर बहुधा कोड नसतो. ४०० चा असा रोल घातला की प्रत्येक फोटो दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजळ. उपाय म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २ वर ठेवता येतं, पण रोलभर ते लक्षात ठेवावं लागतं आणि पुश (फिल्म तिच्या आयएसओपेक्षा वरच्या आयएसओवर काढून जास्त वेळ धुणं) करायची वेळ आली की हिशेब अजून गुंततो.

सायलींना मैफलींसाठी पुश लागणारच. एचपी५ सारखी ४०० ची कृष्णधवल फिल्म १६०० वर वापरायची तर कॅमेऱ्याला १६०० सांगता आलं पाहिजे. एफ८० मध्ये आयएसओ ६ ते ६४०० हाताने ठेवता येतो. एवढ्या एका कारणासाठी मी एफ६५, एफ७५ बाजूला ठेवेन.

एफ८० ची बाकी माहिती: २००० साली आला, पाच फोकस पॉइंट (त्यात फक्त मधला क्रॉस प्रकारचा, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा), १/४००० पर्यंत शटर, फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) १/१२५, स्पॉट मीटरिंग (फक्त छोट्या भागाचा उजेड मोजणं) आहे, वजन साधारण अर्धा किलो. दोन सीआर१२३ए सेल लागतात. एमबी-१६ ही ग्रिप मिळाली तर चार पेन्सिल सेलवर चालतो. रिंगवाल्या जुन्या मॅन्युअल एआय लेन्सवर मात्र त्याचं मीटर बंद पडतं. तुमच्याकडे तशा लेन्स नाहीत, त्यामुळे फरक पडू नये.

मिनो_७०००
सगळे निकॉनवरच उतरलात, पण ऑटोफोकस एसएलआर खऱ्या अर्थाने बाजारात आणला मिनोल्टाने, १९८५ च्या ७००० ने. त्यांची ए माउंट (लेन्स बसवायची खोबण) आजही स्वस्तात मिळते. डायनॅक्स ५, डायनॅक्स ७, ६००एसआय या बॉड्या छान आहेत. ६००एसआयवर सगळ्या सेटिंगला स्वतंत्र चकत्या आहेत, मेनूत शिरावंच लागत नाही. लेन्समध्ये ५० मिमी एफ/१.७, ३५-७० एफ/४ आणि ७०-२१० एफ/४ या तिन्ही धातूच्या, भक्कम आणि अजून परवडणाऱ्या.

दोन सूचना. सोनीने पुढे काढलेल्या एसएसएम किंवा एसएएम मोटरच्या लेन्स जुन्या मिनोल्टावर फोकस होत नाहीत, डायनॅक्स ७ सारख्या शेवटच्या काही बॉड्यांवर एसएसएम चालते. आणि १९८८ पासून मिनोल्टाने हॉटशूचा आकार बदलला, त्यामुळे साधा फ्लॅश किंवा ट्रिगर अॅडॉप्टरशिवाय बसत नाही.

निळी_सिलिका
मिनोल्टा चांगला, पण सायलीताईंना त्यात शून्यापासून लेन्स जमवाव्या लागतील आणि त्यातली एकही डी५३०० वर बसणार नाही. आपल्याकडे मिनोल्टाच्या बॉड्या आणि सुटे भागही क्वचितच समोर येतात. लेन्स आधीच घरात आहे, तर माउंट बदलायला सबळ कारण हवं.

कॅननच्या बाबतीत तसं कारण आहे का, हे कुणीतरी ईओएसवाल्याने सांगावं.

रीळ_३६
सांगतो. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० बरोबर ईएफ माउंट आणली आणि पहिल्या दिवसापासून मोटर लेन्समध्ये, अॅपर्चर विजेवर. त्यामुळे निकॉनसारखी कोष्टकं पाठ करावी लागत नाहीत. १९८७ ची ईएफ लेन्स असो की २०१५ ची ५० मिमी एसटीएम, कुठल्याही ईओएस फिल्म बॉडीवर बसते आणि फोकस होते. अपवाद एवढाच की ईएफ-एस (पांढऱ्या चौकोनी खुणेवाल्या) लेन्स फिल्म बॉडीवर बसतच नाहीत. लाल ठिपका बघून घ्या.

बॉड्यांमध्ये माझी पसंती ईओएस ३० किंवा ३३. दोन्ही २००० सालचे. फरक एवढाच की ३० मध्ये डोळ्याच्या रोखाने फोकस पॉइंट निवडायची सोय आहे, ३३ मध्ये नाही. चष्मा असेल तर ती सोय दर वेळी नीट चालेलच असं नाही, म्हणून तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. सात पॉइंट, १/४०००, सिंक १/१२५, दोन सीआर१२३ए. रोल पुढे सरकताना आवाज अगदी कमी, जो मैफलीत कामाला येतो. कमतरता अशी की खरं स्पॉट मीटरिंग नाही, मधल्या साधारण दहा टक्के भागाचं पार्शल आहे. गायकाच्या मागे काळा पडदा आणि वरून एकच दिवा, अशा वेळी एफ८० चा स्पॉट जास्त कामाचा.

स्वस्तात ईओएस ३००. हा कॅमेरा रोल घातल्यावर आधी पूर्ण बाहेर गुंडाळून घेतो आणि मग प्रत्येक फोटोनंतर एकेक फ्रेम डबीत परत ओढतो. चुकून मागचं झाकण उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुरक्षित राहतात, जाते ती कोरी फिल्म. नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे. शटर १/२००० पर्यंतच आणि सिंक १/९०.

पण सायलींच्या हातात ५० जी आहे हे मान्य करूनच लिहितो: त्यांच्यासाठी एफ८०. कॅननची डिजिटल बॉडी असती तर मी ईओएस ३३ सांगितला असता.

सायली_आर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. म्हणजे एफ८०. एफ१०० बद्दल पण वाचलं, तो किती पुढचा आहे? आणि जुना एफ८० तपासायचा कसा? माझ्या लेन्स घेऊन दुकानात जाऊ शकते.

डार्करूम_दादर
एफ१०० (१९९९) सगळ्याच बाबतीत वरचा: पाचपैकी तीन पॉइंट क्रॉस प्रकारचे, १/८००० शटर, सिंक १/२५०, मॅन्युअल एआय लेन्सवर मीटर चालतं, चार पेन्सिल सेलवर चालतो. वजन रिकामं ७८५ ग्रॅम. आवाज जास्त, किंमतही बरीच जास्त. सुरुवातीच्या काही एफ१०० मध्ये रोल परत गुंडाळणारी चिमटी प्लास्टिकची होती, ती तुटते. घ्यायचाच झाला तर झाकण उघडून, रोलची डबी बसते त्या कप्प्यातली ती चिमटी धातूची आहे का ते बघा. लहान मुलं आणि छोट्या मैफली यांना एफ८० पुरतो, उरलेले पैसे फिल्ममध्ये घाला.

आता तपासणी. दुकानात जाताना ५० जी, दोन नवे सीआर१२३ए सेल, एक टाकाऊ रोल आणि छोटी टॉर्च न्या. मुंबईत जुन्या कॅमेऱ्यांसाठी फोर्टातला बोराबाजार आहेच. कुठेही जा, दिवसाउजेडी जा.

१. सेल घालण्याआधी व्ह्यूफाइंडर अंधारा आणि मळकट दिसला तर घाबरू नका. एफ८० च्या फाइंडरमध्ये जाळीच्या रेषा दाखवणारा एलसीडीचा थर आहे, वीज नसताना तो काळवंडतो. सेल घातल्यावर उजळला पाहिजे. तरीही अंधाराच राहिला तर मात्र तो घेऊ नका.

२. मागचं झाकण उघडा. रोल नाही याची खात्री करूनच. शटरचे पडदे बघा: पात्या एकसारख्या सपाट, वाकलेल्या नकोत, बोटाचे ठसे नकोत. त्यांना हात लावू नका.

३. लेन्स लावा, एम मोड, अॅपर्चर एफ/१.८. झाकण उघडंच ठेवून कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मागून बघत १ सेकंद, १/६०, १/५००, १/४००० वर शटर दाबा. १/४००० लाही पांढरी झलक दिसली पाहिजे आणि ती पूर्ण चौकटीत. एका बाजूला काळी पट्टी राहत असेल तर पडदा अडकतोय.

४. मग अॅपर्चर एफ/१६ करून १ सेकंद. मागून छोटं गोल भोक दिसलं पाहिजे. भोक लहान होत नसेल तर बॉडीतली अॅपर्चरची कांडी वाकली आहे किंवा लेन्सचं अॅपर्चर अडकलं आहे. दुसरी लेन्स लावून खात्री करा.

५. टाकाऊ रोल घाला. फिल्मचं टोक लाल खुणेपर्यंत, सपाट, झोळ न ठेवता. झाकण लावा. आकडा १ वर आला पाहिजे. कॅमेऱ्यावरच्या एलसीडीत ई लुकलुकत राहिलं तर फिल्म पकडली गेली नाही, टोक थोडं पुढे ओढून परत लावा. दोनतीन वेळा तसंच झालं तर गुंडाळणाऱ्या यंत्रणेत दोष. आठदहा वेळा शटर दाबून मग दोन्ही रिवाइंड बटणं एकत्र दाबून धरा आणि रोल पूर्ण परत येतो का ते ऐका.

६. मीटर. एकाच भिंतीकडे, एकाच आयएसओवर, एकाच लेन्सने डी५३०० आणि एफ८० चं वाचन तुलना करा. पाव-अर्धा स्टॉप इकडेतिकडे चालतो, एक स्टॉपच्या पुढे फरक असेल तर किंमत पाडा किंवा सोडा. डीएक्स वाचणारे सोनेरी संपर्क काळे पडले असतील तर कोरड्या सुती कापडाने पुसून परत बघा.

पाचवा_स्टॉप
यात चिकट रबराची भर घालतो. एफ८०, एफ९०एक्स आणि एफ१०० तिघांच्याही मागच्या झाकणावर मऊ लेप असतो, तो काळाने विरघळून चिकट होतो. बोटं चिकटतात, धूळ बसते, कॅमेरा घाण दिसतो. हा दोष दिसायला वाईट पण जीवघेणा नाही. जवळपास ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन थोडं थोडं पुसत लेप पूर्ण काढायचा, खालचं काळं प्लास्टिक चकचकीत निघतं. छापील अक्षरांवरून पुसू नका, ती जातात. थिनर, अॅसिटोन अजिबात नको, प्लास्टिकच विरघळतं. विक्रेत्याकडे मात्र या चिकटपणाचा मुद्दा करून भाव कमी करून घ्यायला हरकत नाही.

रीळ_३६
धागा वाचणाऱ्या इतरांसाठी कॅननचीही लक्षणं लिहितो, कारण त्यातलं एक फार लपून बसतं.

ईओएस ६५०, ६२०, ६०० या पिढीत शटरच्या पडद्यांजवळ धक्का झेलणारा एक छोटा फोमचा तुकडा असतो. तीसेक वर्षांत तो विरघळून डांबरासारखा होतो आणि पडद्याच्या पात्यांवर पसरतो. बॉडी चालू होते, शटरचा आवाजही येतो, पण पात्या एकमेकींना चिकटून उशिरा उघडतात किंवा उघडतच नाहीत. रोल धुवून आल्यावर अर्धे फोटो काळे निघतात. ओळखायचं कसं? झाकण उघडून पडदा तिरक्या उजेडात धरा. पात्यांवर काळपट, ओलसर चकाकणारा डाग किंवा ओघळ दिसला की हाच रोग. लायटरमधलं नॅफ्था कापसाच्या काडीवर थेंबभर घेऊन, पात्यांवर दाब न देता डाग उचलायचा, मग शटर मोकळं चालवायचं, पुन्हा उचलायचा. पूर्ण जायला बऱ्याच फेऱ्या लागतात, आणि मूळ फोम काढून टाकला नाही तर डाग परत येतो.

ईओएस ५ चा मोडची चकती तुटण्याचा दोष सर्वांना ठाऊक आहे. चकती प्रत्येक खाचेत नीट बसते का, कुलपाचं बटण काम करतं का ते बघा.

आणि कॅनन असो वा निकॉन, सीआर१२३ए च्या जागी चार्ज होणारे ३.७ व्होल्टचे सेल घालू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२, दोन मिळून ८.४ व्होल्ट होतात. कॅमेऱ्याला हवेत ६.

मिनो_७०००
पेंटॅक्स कुणी सुचवला नाही, तरी इशारा देऊन ठेवतो. एमझेड-५, एमझेड-५एन, एमझेड-३ दिसायला देखणे, हातात मस्त, पण मिरर चालवणाऱ्या मोटरचा प्लास्टिकचा छोटा दंतचक्र तडकतो आणि मिरर वरच अडकतो. चालू आहे म्हणून विकलेला कॅमेरा काही रोलनंतर असा बसू शकतो. दंतचक्र बदलून दिल्याचं सांगत असतील तरच विचार करा.

सायली_आर
लेन्सबद्दल अजून एक. ५० च्या जोडीला थोडी वाइड आणि एक थोडी लांबची हवी. जुन्या एएफ-डी घेऊ की एएफ-एस जी?

डार्करूम_दादर
एफ८० मध्ये स्क्रूची मोटर आहे, तो दोन्ही चालवतो. डी५३०० मध्ये ती मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी लेन्स त्यावर हाताने फोकस करावी लागेल. दोन्ही बॉड्यांवर वापरायच्या असतील तर एएफ-एस जी, फक्त फिल्मसाठी असेल तर एएफ-डी, कारण ती स्वस्त आणि लहान.

एएफ-डी मध्ये पाहण्यासारख्या: २८ मिमी एफ/२.८ डी, ३५ मिमी एफ/२ डी, ८५ मिमी एफ/१.८ डी, आणि एकाच लेन्सवर भागवायचं असेल तर २८-१०५ एफ/३.५-४.५ डी. मैफलीसाठी ८५ डी. मुलांसाठी ३५ डी. झूम मैफलीत कमी पडेल, एफ/४.५ वर १६०० लासुद्धा शटर हळू होतं.

एएफ-डी लावली की अॅपर्चरची रिंग सर्वांत छोट्या छिद्रावर, म्हणजे केशरी आकड्यावर (बहुतेक लेन्सवर २२ किंवा १६) फिरवून कुलूप लावा. तसं नसेल तर एलसीडीवर एफईई लुकलुकतं आणि शटर दबत नाही. नवीन माणूस याला बिघाड समजतो आणि विक्रेतेही कधीकधी.

३५ एफ/२ च्या जुन्या प्रतींत अॅपर्चरच्या पात्यांवर तेल येण्याचा दोष आहे. पात्या चकाकत असतील, मागच्या कांडीने हलवल्यावर झटकन परत न येता आळसावत येत असतील तर घेऊ नका. तसंच एएफ ३५-७० एफ/२.८ झूमच्या आतल्या काचेवर धुकं बसतं, ते टॉर्चशिवाय दिसत नाही.

निळी_सिलिका
टॉर्च हा मुद्दा नीट समजून घ्या. लेन्स दोन्ही बाजूंनी उघडी, अॅपर्चर पूर्ण उघडं धरून, टॉर्च मागून तिरकी मारायची आणि पुढून बघायचं. धुळीचे ठिपके प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, फोटोत दिसत नाहीत, सोडून द्या. बुरशी धाग्यांसारखी फांद्या फुटत पसरलेली दिसते, बहुधा काचेच्या कडेपासून आत. धुकं म्हणजे पूर्ण काचेवर दुधी पापुद्रा, उजेडासमोर फोटो फिका पडतो. कडेला दोन बारीक धागे असतील तर साफ होऊ शकतं, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ केल्यावरही खूण राहते. मुंबई आणि कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हे हमखास बघा, चार महिन्यांचा पावसाळा कपाटात बंद राहिलेली लेन्स असेल तर विशेष.

घरी आणल्यावर: हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक, आणि सिलिका जेल. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची. ६५ च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशीला रान मोकळं. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशाच्या आसपास दोनेक तास भाजून परत निळी करून घ्या. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत पावसाळाभर लेन्स ठेवू नका, बॅग ओल धरून ठेवते. दर आठवड्याला तरी लेन्स वापरात ठेवली तर अर्धा प्रश्न सुटतो.

घाटवाट
रोलबद्दल प्रश्न: सिनेमाची फिल्म भरलेले रोल स्वस्त पडतात, ते सुरुवातीला चालतील का?

पाचवा_स्टॉप
कॅमेऱ्यात चालतील, लॅबमध्ये अडचण येईल. कोडॅकच्या व्हिजन३ सिनेमा फिल्मच्या पाठीवर वर्षानुवर्षं काजळीसारखा रेमजेटचा थर असायचा. तो साध्या सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची प्रक्रिया) मशीनमध्ये गेला की रसायन आणि रोलर खराब होतात, त्यामुळे बहुतेक लॅब असा रोल घेत नाहीत. घेतात त्या ईसीएन-२ या सिनेमा फिल्मच्या प्रक्रियेने धुतात. रोल घेताना विचारा: थर काढलेला आहे का, आणि कुठल्या प्रक्रियेने धुवायचा. डबीवर दोन्ही लिहून घ्या, लॅबला देताना तोंडी सांगून भागत नाही.

पहिले दोन रोल साधे सी-४१ चे घ्या, कोडॅक गोल्ड २०० किंवा अल्ट्रामॅक्स ४००. दिवसा बाहेर २००, घरात ४००. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी नाही. २०० चा रोल १०० वर ठेवून काढला तर सावल्या भरून येतात आणि दाणे कमी दिसतात. स्लाइड फिल्मला मात्र हे लागू नाही, तिथे अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते.

मैफलीसाठी एचपी५. पूर्ण रोल एकाच आयएसओवर काढायचा, अर्धा ४०० वर आणि अर्धा १६०० वर असं धुताना वेगळं करता येत नाही. १६०० वर काढला की डबीवर '१६००, दोन स्टॉप पुश' लिहा. स्पॉट मीटर गायकाच्या चेहऱ्यावर. चेहरा गव्हाळ असेल तर मीटर सांगेल तेच जवळपास बरोबर, गोरा असेल तर अर्धा ते एक स्टॉप जास्त द्या, सावळा असेल तर तेवढाच कमी. आणि एफ८० चा समोरचा फोकसला मदत करणारा पांढरा दिवा कस्टम सेटिंगमधून बंद करून टाका, अंधाऱ्या सभागृहात तो थेट कलाकाराच्या डोळ्यात जातो. दिवा बंद केल्यावर कडेच्या पॉइंटवर फोकस शोधत बसेल, म्हणून मधल्या क्रॉस पॉइंटवरच ठेवा. तो चेहऱ्याच्या कडेवर किंवा दागिन्यावर, जिथे उजेड-अंधाराची रेघ असेल तिथे धरा, सपाट गालावर नको.

रीळ_३६
फ्लॅशचं राहिलं, घरात मुलांसाठी लागेल. एफ८० वर टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप ठरवणं) हवा असेल तर एसबी-६०० किंवा एसबी-८०० शोधा. एसबी-७०० डिजिटल बॉडीवर उत्तम, पण एफ८० वर त्याचा टीटीएल चालत नाही, फक्त मॅन्युअल. छताकडे वळवून मारायचा असेल तर ४०० ची फिल्म, एफ/४, शटर १/६० ते १/१२५ आणि टीटीएल. छत पांढरं आणि नेहमीच्या उंचीचं असलं पाहिजे. रंगीत छताचा रंग मुलांच्या चेहऱ्यावर उतरतो.

सायली_आर
ठरलं. एफ८०, आत्ता ५० जी, नंतर ८५ डी. एक शेवटचा प्रश्न: जपानहून मागवलेला एफ८० आणि इथला, यात कुठला घ्यावा?

डार्करूम_दादर
इथला, हातात घेऊन तपासता येत असेल तर. जपानी विक्रेत्यांचं वर्णन बहुधा प्रामाणिक असतं, पण 'जंक' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तपासलेला नाही किंवा बिघडलेला आहे, आणि 'टेस्टेड' म्हणजे कधीकधी फक्त चालू होतो एवढंच. फोटोत मागचं झाकण उघडं दाखवलेलं नसेल तर तसा फोटो मागा: शटरचे पडदे, सेलचा कप्पा आणि मागचं रबर. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुकटी दिसली तर सेल गळलेला होता. संपर्कावर वरवरची असेल तर पुसता येते, आत झिरपली असेल तर सर्किट जातं. आयात शुल्क आणि कुरिअर धरून बेरीज करा, मगच इथल्या भावाशी ताडून बघा. आणि परत घेण्याची अट लेखी असल्याशिवाय पैसे पाठवू नका.

निळी_सिलिका
कॅमेरा विमानाने आणायला कुणाला सांगणार असाल तर सोबत रोल मागवताना एक गोष्ट सांगा: रोल हातातल्या सामानात ठेवायचे, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, तिथला क्ष-किरण फार तीव्र असतो. काही विमानतळांवर हातसामानालाही नवे सीटी स्कॅनर आले आहेत, ते कुठल्याही आयएसओच्या न धुतलेल्या फिल्मला धूसर करू शकतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची विनंती करायची. घरी आल्यावर फ्रिजमध्ये, आणि वापरण्याआधी दोनतीन तास बाहेर काढून ठेवून मगच डबीचं झाकण उघडायचं, नाहीतर थंड फिल्मवर बाष्प बसतं.